मिरजेहून पाहुणे येताहेत: खाडीतले फ्लेमिंगो, जुने किल्ले आणि मुक्काम, दोन दिवसांत कसं बसवावं?

पारसिक_पायथा (कळवा)

फेब्रुवारीत मिरजेहून मावशी, मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं (९ आणि १३ वर्षं) येणार आहेत. रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी पहाटे कल्याणला उतरतील आणि रविवारी रात्री परत जातील. आमचा वन-बीएचके आहे, त्यामुळे एका रात्रीपुरती बाहेर सोय करावी लागेल.

मुलांना फ्लेमिंगो बघायचे आहेत, बोटीतून दिसले तर उत्तमच. मावसभाऊ इतिहासाचा शिक्षक आहे, त्याला पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या काळातल्या जागा हव्यात. मावशी ७२ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत, पण सपाट रस्त्यावर अर्धा तास चालते.

विचारायचं ते असं: ठाणे खाडीत फिरवणारी ऐरोलीची बोट सकाळची घ्यावी की संध्याकाळची? वसईचा किल्ला यात बसेल का? मुक्काम ठाण्यात बरा की नवी मुंबईत? पंचांगात बघितलं तर तो शनिवार शुद्ध अष्टमीचा आहे. एकाने सांगितलं की तिथी बघूनच बोट ठरवा, म्हणून तेही लिहिलं.

तिवरांची_वाट (ऐरोली)

तिथी बघायला सांगणाऱ्याने अगदी बरोबर सांगितलं. खाडीवरचा दिवस घड्याळावर बेतला की फसतो. आधी पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं ते काढा, बाकीचं सगळं त्याभोवती लावा.

कोळ्यांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा, म्हणून तीच वेळ सकाळी आणि संध्याकाळी, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. समुद्राचं पाणी ठाणे खाडीत आतपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे ऐरोलीसाठी अर्धा-पाऊण तास पुढे धरा. हा ढोबळ अंदाज. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघा, पण कोष्टक मुंबईचं म्हणजे अपोलो बंदरचं असेल तर हा फरक त्यातही मिळवावा लागतो.

तुमच्या शनिवारी सकाळी पावणेसातच्या आसपास पूर्ण भरती आणि पाऊणच्या सुमारास पूर्ण ओहोटी. रविवारी नवमी, म्हणजे भरती साडेसातला. तेव्हा बोट रविवारी सकाळी घ्या, साडेआठ ते दहाच्या दरम्यानची फेरी मिळाली तर सर्वांत चांगली. शनिवारी पहाटे गाडीतून उतरलेल्या माणसांना थेट बोटीत बसवण्यात तसंही काही हशील नाही.

उतरत्या पाण्याचा एवढा आग्रह का, तर फ्लेमिंगोंचं सगळं खाणं गाळात असतं. पाणी ओसरायला लागलं की खाडीच्या कडेचा चिखल पट्ट्यापट्ट्यांनी उघडा पडतो आणि पक्षी त्या पट्ट्यांच्या धारेवर, घोटाभर पाण्यात येऊन उभे राहतात. बोट मधल्या खोल पाण्यातून जाते, त्यामुळे पक्षी बोटीकडे सरकत येतात. पूर्ण ओहोटीला मात्र बोटीला पुरेसं पाणीच उरत नाही, धक्क्यापाशीसुद्धा चिखल होतो. म्हणून दुपारची फेरी मागूच नका. बोट सोडणारं केंद्रसुद्धा फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणेच लावतं, त्या रोज बदलतात.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. बोटीसाठी हे सोयीचं, कारण भर भरतीतही थोडा चिखल उघडा राहतो आणि पक्षी खाडीतच थांबतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात सगळा गाळ पाण्याखाली जातो. तेव्हा थवे उठून नेरूळच्या पाणथळींवर जाऊन बसतात, म्हणजे डीपीएस शाळेमागचा तलाव आणि एनआरआय संकुलाजवळची पाणथळ. उधाणाच्या दिवशी भर भरतीला बोटीत बसलेल्या लोकांना नुसतं पाणी दिसतं आणि तेच पक्षी नेरूळला रस्त्यावरून दिसत असतात. तुमची तारीख आठवडाभर पुढे गेली आणि शनिवार पौर्णिमेचा आला, तर बोटीचा नाद सोडून अकरा ते दोनमध्ये नेरूळ गाठा. मावशींना तेच जास्त सोपं जाईल.

बोट ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटते. ते वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं आहे, ऐरोलीतल्या दिवा गावाच्या बाजूला, ऐरोली स्थानकापासून रिक्षाने थोडंसंच. नोंदणी आधी करावी लागते. फेब्रुवारी-मार्चचे शनिवार-रविवार लवकर भरतात, तेव्हा तारीख पक्की झाली की त्याच दिवशी करून टाका आणि भरतीप्रमाणे वेळ कोणती हे फोनवर विचारून घ्या. फेरीच्या अर्धा तास आधी पोहोचा, कारण लाइफ जॅकेट घालणं, माहिती सांगणं यात वेळ जातो. केंद्रात खाडीतल्या जिवांचं दालन आहे आणि कांदळवनातून लाकडी पायवाट आहे, मावशी तिथे निवांत चालू शकतील. बोटीत चढताना मात्र एक पाऊल खाली टाकावं लागतं आणि बोट हलत असते. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं तर जमतं. नोंदणी करतानाच ज्येष्ठ नागरिक आहेत हे सांगून ठेवा.

मुलांना काय दाखवायचं: फ्लेमिंगोच्या, म्हणजे रोहित पक्ष्याच्या, दोन जाती असतात. मोठा रोहित उंच, जवळजवळ सव्वा ते दीड मीटर, अंग पांढरट आणि चोच फिकी गुलाबी, टोकाला काळी. लहान रोहित त्याच्या दोन-तृतीयांश, रंगाने गडद आणि चोच लांबून काळपट लाल दिसते. ऐरोलीत मोठे थवे लहान रोहितांचे. चोच पाण्यात उलटी घालतात, म्हणजे वरची बाजू खाली. जीभ भात्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून गाळून बाहेर पडतं. शेवाळ आत राहतं. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानेच पिसं गुलाबी होतात, म्हणून थव्यातली राखाडी पिल्लं बघून मुलं «हे वेगळे पक्षी आहेत का» विचारतील, तर ते त्याच जातीचे, अजून रंग न चढलेले.

चिखलात उड्या मारणारे निवटे, तिवराच्या फांदीवर खंड्या, वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार हेही दिसतं. कांदळवनात कोल्हे आहेत, पण दिवसा दिसण्याची आशा धरू नका. तिवराचं पान हातात आलं तर उलटं करून बघायला सांगा. पानावर मिठाचे बारीक कण असतात, झाड खारं पाणी पिऊन जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं.

दुर्बीण ८×४२ पुरते, त्याहून जास्त पटीची हलत्या बोटीत स्थिर राहत नाही. मोबाइलने फोटो काढायचे असतील तर अपेक्षा कमी ठेवा. टोप्या घट्ट बसणाऱ्या, कपडे मळकट रंगाचे. ड्रोन अजिबात नको, ऐरोली पूल ते वाशी पूल हा सगळा पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ.

जुनं_ठाणं (ठाणे पश्चिम)

वसईबद्दल माझं स्पष्ट मत: या खेपेला सोडा. किल्ला अप्रतिम आहे, पण त्याला निदान तीन तास द्यायला हवेत आणि ठाण्याहून घोडबंदर मार्गे जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या आसपास पडतं. गायमुख घाटात काम निघालं किंवा एखादा ट्रेलर बंद पडला की अख्खी दुपार तिथेच. दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्या, एक चुकली की पुढची बऱ्याच वेळाने. इतिहासाच्या शिक्षकाला वसई घाईत दाखवणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

आणि ठाण्यातच इतकं आहे की शनिवार सहज भरेल. बहुतेक लोक ते बघत नाहीत एवढंच.

मावशी बरोबर असल्याने क्रम असा ठेवा. स्थानकाच्या पश्चिमेकडून सुरुवात. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन निघालेली गाडी इथवर आली, ३४ किलोमीटर. तिथून रिक्षाने तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी. एका बाजूला कौपिनेश्वर मंदिर. आजचं बांधकाम १७६० च्या सुमाराचं, मराठ्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्या काळातलं. त्याच तलावाच्या काठावर सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च, मुळात सोळाव्या शतकातली पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांची जागा. फ्रान्सिस्कनांचा ठाण्याशी संबंध त्याहून जुना आहे, १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक इथे मारले गेले होते. तेव्हा पोर्तुगीज हिंदुस्थानात यायचे होते. मावसभाऊंना ही गोष्ट तलावाच्या कठड्यावर बसून सांगा, आवडेल. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर थांबावं लागतं, म्हणून शनिवार सकाळ रविवारपेक्षा बरी.

पुढचा टप्पा ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही, भिंतीचे आणि दरवाजाचे फोटो काढायचे नाहीत, पोलीस हटकतात. रिक्षातून बाहेरून फेरी मारा आणि तेवढ्यात हा पट सांगा: पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी जिंकला. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांना इथेच कोंडलं होतं, आणि १८१६ च्या सप्टेंबरात ते इथून निसटले. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्यात फाशी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच कारागृहात. अनंतरावांचं वय तेव्हा अठराच्या आसपास होतं. तेरा वर्षांच्या मुलाला हे जरूर सांगा.

दुसऱ्या दिवशी बोटीनंतर वेळ राहिला तर बेलापूरचा किल्ला. सिद्दी, पोर्तुगीज, १७३३ मध्ये मराठे आणि १८१७ मध्ये इंग्रज, असे मालक बदलत गेले. आता उरलंय ते थोडंच: एक बुरूज, भिंतीचे तुकडे. पण पाम बीच रस्त्याच्या अगदी जवळ आहे आणि खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला जागा का निवडली ते तिथे उभं राहिलं की कळतं. वीस मिनिटांचं काम आहे, मुद्दाम दिवस घालवण्याइतकं नाही.

नाश्त्याला मामलेदार मिसळ सुचवतील सगळे. मावशी आणि धाकट्यासाठी कमी तिखट मागा, नाहीतर दही बरोबर घ्या.

सानपाडा_जंक्शन (नवी मुंबई)

मुक्कामाचं बोलतो, कारण इथेच लोक अडकतात.

पाहुणे पहाटे येणार. बहुतेक हॉटेलांत चेक-इन दुपारी बारा किंवा दोनला असतं. सकाळी सातला सामान घेऊन मावशींना स्वागतकक्षाच्या सोफ्यावर बसवून ठेवायचं नसेल तर दोनच मार्ग: एक तर २४ तासांच्या हिशोबाचं लॉज शोधा (ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला मिळतात), नाहीतर शनिवारची सकाळ तुमच्या घरी काढा. आंघोळ, चहा, पोहे तुमच्याकडे, सामान तुमच्याकडे, दुपारपर्यंत जुनं ठाणं आणि संध्याकाळी मुक्कामाला. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. कल्याणहून कळव्याला धीमी लोकल घ्या, जलद गाड्या कळव्याला थांबत नाहीत.

जागा कुठली? रविवारी सकाळी आठला ऐरोलीला पोहोचायचं आहे, म्हणजे मुक्काम खाडीच्या या बाजूला हवा: ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे किंवा वाशी. या पट्ट्यातली हॉटेलं सोमवार ते शुक्रवार कंपन्यांच्या माणसांनी भरलेली असतात आणि शनिवारी रिकामी होतात. भाव करायला तोच दिवस. घोडबंदर रोडला खोल्या मोठ्या मिळतील, पण रविवारी सकाळी उलटं यावं लागेल. येऊरचे बंगले नकोच. जंगलाच्या कुशीत म्हणून घेतात आणि रात्रभर शेजारच्या बंगल्यातला स्पीकर ऐकत बसतात.

नोंदणी मावसभावाच्या नावावर आणि मिरजेच्या आधारवर करा, तुमच्या नावावर नको. पुष्कळ हॉटेलं स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र स्वीकारत नाहीत आणि हे काउंटरवर गेल्यावर कळतं. ॲपवरून आरक्षण केलं तरी हॉटेलला फोन करून खात्री करा. सगळ्या मोठ्या माणसांची मूळ ओळखपत्रं लागतात, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही.

फोनवर विचारायचं ते: लिफ्ट आहे का आणि ती तळमजल्यापासून आहे का (बऱ्याच ठिकाणी रस्त्यापासून सहा-सात पायऱ्या चढल्यावर लिफ्ट लागते), खोलीत कमोड आहे का, दोन खोल्या एकाच मजल्यावर मिळतील का, तिसऱ्या माणसाच्या गादीचे वेगळे पैसे किती, गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळेत. सकाळी पोटात काहीतरी घालून निघायचं असेल तर नाश्ता किती वाजता सुरू होतो हेही. पुष्कळ ठिकाणी आठला सुरू होतो, तुम्हाला तोवर निघावं लागेल. आदल्या रात्रीच केळी, बिस्किटं आणून ठेवा.

रविवारचा मेगाब्लॉक विसरू नका. ट्रान्स हार्बरवर (ठाण्याहून ऐरोलीमार्गे नवी मुंबईला जाणारा लोकल मार्ग) ब्लॉक असला तर साधारण अकरा ते चार गाड्या बंद असतात, शुक्रवारी-शनिवारी वेळापत्रक जाहीर होतं. साडेआठची बोट असेल तर जाताना अडचण नाही, बेलापूरला जाताना येईल. रिक्षात तीनच माणसं बसवतात. तुम्ही धरून सहाजण, म्हणजे दोन रिक्षा, त्यापेक्षा रविवारी अर्ध्या दिवसाची सहा आसनी गाडी ठरवलेली परवडते. कळव्याहून ऐरोलीकडे गाडीने निघालात तर विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली कोंडी होते, रविवारी सकाळी आठपर्यंत मोकळं असतं. मुलुंडकडून ऐरोली पुलावरून येणाऱ्या छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही.

पारसिक_पायथा

सगळ्यांचे आभार. वसई बाद केली. शनिवारी सकाळ आमच्याकडे, मग जुनं ठाणं, संध्याकाळी घणसोली किंवा रबाळ्याला मुक्काम, रविवारी बोट. दोन शंका राहिल्या: बोट ऐन वेळी रद्द झाली तर? आणि मावशीला बोटीत बसायची भीती वाटली तर तिला कुठे बसवायचं?

तिवरांची_वाट (ऐरोली)

रद्द होण्याचं फेब्रुवारीतलं नेहमीचं कारण म्हणजे जोराचा वारा किंवा सकाळचं दाट धुकं. धुक्यात फेरी बहुधा उशिरा सुटते, रद्द होत नाही, पण पाणी उतरत असतं त्यामुळे उशिरालाही मर्यादा आहे. तशी वेळ आली तर तिथे ताटकळत बसू नका, सरळ गाडी नेरूळकडे वळवा. नवमीला उधाण नसल्याने पाणथळीवर हजारोंचा थवा नसेल, पण डीपीएस तलावाच्या कडेने थोडे फ्लेमिंगो, बगळे आणि शेकाट्यांसारखे पक्षी मिळण्याची शक्यता चांगली. तलाव सीवूड्स स्थानकाहून रिक्षाने जवळ आहे, कडेने सपाट चालता येतं. पक्ष्यांच्या दिशेने मुलांना पळू देऊ नका, एक थवा उठला की तासभर परत बसत नाही आणि उडण्यात त्यांची खाण्याची वेळ जाते.

मावशी केंद्रातच थांबू शकतात, बसायला सावलीची जागा आहे. फेरी तासाभराच्या आत संपते. त्यांच्यासोबत एक मोठं माणूस ठेवा.

सानपाडा_जंक्शन (नवी मुंबई)

रबाळे आणि घणसोलीत निवडायचं असेल तर स्थानकाच्या कोणत्या बाजूला हॉटेल आहे ते नकाशावर बघा. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एमआयडीसी बाजूला रात्री रिक्षा कमी आणि जेवायला ठिकाणं तुरळक, वसाहतीच्या बाजूला दोन्ही सोयी चालत मिळतात. रविवारी सकाळी सव्वासातला गाडी हॉटेलपाशी बोलावून ठेवा.